बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

आमच्या भागात रस्ता रुंद होणार ही बातमी वर्तमानपत्राच्या आधी तिवई घेऊन येते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट आणि पुढ्यात तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण, असा एखादा पोरगा बांधावर दिसला की पाच मिनिटांत त्याच्याभोवती पंधरा माणसं जमतात. त्यांतली चौदा त्याला काहीच विचारत नाहीत. ती एकमेकांना सांगतात. "सहापदरी हाय." "न्हाई, उड्डाणपूल हाय." "आरं कशाचा पूल, गॅसची लाइन हाय." पंधरावा माणूस म्हणजे ज्याचं रान तिथं आहे तो. तो पोराला चहा पाजतो, गाव कुठलं, लग्न झालं का, पगार किती, हे सगळं काढून घेतो आणि कप खाली ठेवता ठेवता सहज म्हणून विचारतो, "साहेब, कंच्या अंगानं?"

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत रस्त्यासंबंधी विचारण्यासारखा खरा प्रश्न हा एवढाच आहे. बाकी लेन किती, पूल किती, पैसे किती, हे सगळं सरकार ठरवणार. कंच्या अंगानं, हे मात्र आपल्या सातबाऱ्यावर ठरतं.

ज्यांना हा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. पुण्याहून सोलापूरकडं जाणारा महामार्ग पूर्वी ९ नंबरचा होता, आता ६५ नंबरचा आहे. तो पुढं हैदराबादवरून थेट मच्छलीपट्टणमला जाऊन समुद्राला भिडतो म्हणतात. आमच्या लेखी तो भिगवणला मच्छीला आणि इंदापूरला तहसील कचेरीला भिडतो. पाटसला त्यातून दुसरा रस्ता फुटतो. तो रोटी घाट, उंडवडी, बारामती, काटेवाडी, भवानीनगर, निमगाव केतकी असं करत इंदापुरात पहिल्याला येऊन भेटतो आणि तिथून सराटीला नीरा ओलांडून अकलूजकडं निघतो. हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. सरकारी कागदात राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर, टप्पे तीन, खर्च सुमारे ४,४०० कोटी आणि दोन्ही कडांना वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट.

आता या दोन रस्त्यांवर काय काय चालतं ते बघा. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी अशा कारखान्यांचा ऊस. दुधाचे टँकर. एमआयडीसीतले कंटेनर. उजनीची मासळी. डाळिंबाच्या क्रेट भरलेल्या पिकअप. कॉलेजची पोरं. दिवाळीनंतर कोकणाकडं आणि पावसाच्या तोंडावर परत अशा निघालेल्या धनगरांच्या मेंढ्या. लग्नसराईत वराती. निवडणुकीत ताफे. आषाढात देव. या सगळ्यांना एका डांबरावर बसवायचं म्हणजे नियोजन. आणि नियोजनाची सुरुवात मोजण्यापासून होते.

रस्त्यावरची वाहनं मोजायची तर सगळी सारखी नाहीत. कंटेनर आणि लुना यांना एकाच मापानं कसं मोजणार? म्हणून अभियंत्यांच्या जगात सगळ्या वस्तू मोटारीत मोजतात. त्या मापाचं नाव पॅसेंजर कार युनिट, धंद्यातली माणसं नुसतं पीसीयू म्हणतात. त्याचा तक्ता इंडियन रोड्स काँग्रेसनं १९९० साली प्रसिद्ध केला. ही काँग्रेस १९३४ साली स्थापन झाली, आणि बारामतीकरांनी आवर्जून नोंद घ्यावी की तिच्यात अजून फूट पडलेली नाही. तक्ता असा : मोटार म्हणजे १. मोटारसायकल अर्धी. सायकलही अर्धी. ट्रक किंवा एसटी ३. हातगाडी ३. टांगा ४. ट्रेलर जोडलेला शेतीचा ट्रॅक्टर साडेचार. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बैलगाडी ८.

एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी! यात अभियंत्यांचं गणित सरळ आहे. गाडी सावकाश चालते, मागच्यांना अडवते, म्हणून ती आठ गाड्यांची जागा खाते. पण ही गोष्ट मी आमच्याकडच्या एका ऊसतोडीच्या गाडीवानाला सांगितली तेव्हा त्यानं ती गौरव म्हणून घेतली. "आठ?" त्यानं खात्री करून घेतली. मग बैलांकडं बघितलं, मग मागून हॉर्न वाजवणाऱ्या पांढऱ्या गाडीकडं बघितलं, आणि कासरा आणखी सैल सोडला. "आठाला एक आडवा जातोय. थांबू द्या त्याला." वर त्यानं असंही लक्षात आणून दिलं की आठ मोटारी असूनही त्याला सरडेवाडीच्या नाक्यावर टोल पडत नाही. असा लाभ या देशात दुसऱ्या कुणालाही मिळत नाही. मंत्र्यालासुद्धा फक्त त्याच्या गाडीपुरता मिळतो.

या तक्त्यातला माझा आवडता आकडा मात्र तो अर्ध्याचा आहे. मोटारसायकल अर्धी! तिच्यावर पुढं टाकीवर धाकटा, मग बाप, मग थोरली, मग आई, आईच्या मांडीवर पिशवी, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या आणि मागं आडवा बांधलेला कडवळाचा भारा. हे सगळं बिऱ्हाड सरकारी हिशेबात अर्धं. त्याच्याच शेजारून काच वर करून, गारवा लावून, एकटाच फोनवर बोलत चाललेला गृहस्थ पूर्ण एक. आणि समजा कुणी पुढारी चाळीस गाड्यांचा ताफा घेऊन निघाला तर तो एकटा माणूस चाळीस. मोजणी करणाऱ्याची यात काही चूक नाही. त्यानं चाकं मोजायची असतात, माणसं मोजायला त्याला सांगितलेलंच नाही. म्हणून पायी चालणाऱ्याचा आकडा त्या तक्त्यात शोधू नका, तो नाही. ज्या रस्त्याला वारीचं नाव आहे त्याच्यावरून आषाढात लाखोंनी माणसं चालतात आणि पीसीयूच्या हिशेबात त्यांची बेरीज शून्य येते.

मोजणीनंतर चौकशी. तिला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, पण प्रकार असा की पोलीस हात करून गाडी थांबवतो आणि फॉर्म घेतलेला एक पोरगा विचारतो : कुठून आलात, कुठं चाललात, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा? पुण्यामुंबईला याची उत्तरं एका दमात मिळतात. आमच्याकडं मिळत नाहीत, कारण आमच्याकडं हे चार प्रश्न म्हणजे संभाषणाची सुरुवात असते.

"कुठून आलात?"

"आत्ता व्हय? आत्ता लासुर्ण्यातनं. पर तिथं भाचीकडं गेलो होतो. मूळ मी कळसचा."

"कुठं चाललात?"

"निघालो होतो बारामतीला. पर आता तुम्ही थांबवलंय, ऊन झालं. बघू."

"प्रवासाचं कारण? नोकरी, शिक्षण, व्यापार, सामाजिक, इतर?"

इथं फॉर्म हरतो. कारण बारामतीला निघालेल्या माणसाला एकच कारण असणं ही आमच्याकडं पेट्रोलची नासाडी समजली जाते. त्याला पंपाची मोटार बांधायला टाकायची असते, डोळे दाखवायचे असतात, खताच्या दुकानातली उधारी पुढं ढकलायची असते, पोरीसाठी सुचवलेला मुलगा एमआयडीसीत खरंच नोकरीला आहे का हे पेन्सिल चौकातल्या टपरीवर बसून गुपचूप बघायचं असतं आणि तीन हत्ती चौकात कुणी ओळखीचं भेटलं तर सगळं रद्द करून त्याच्याबरोबर परत यायचं असतं. हे सगळं ऐकून घेऊन पोरगा 'इतर' वर खूण करतो. मला शंका आहे की या दोन तालुक्यांच्या वाहतुकीचं खरं चित्र कुठल्या तरी कपाटात 'इतर' या नावाखाली धूळ खात पडलं असेल.

मोजून झालं, विचारून झालं, की सल्लागार कंपनी अहवाल लिहिते. त्यात रस्ता कुठून न्यायचा याचे पर्याय द्यावे लागतात. पहिला पर्याय परवडत नाही, दुसरा जमत नाही आणि तिसरा मंजूर होतो. बारामतीला याचं नवल वाटू नये. कऱ्हेच्या काठावर याच गावात बसून मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, त्यांतलं एक तर ओठाला ओठ लागू न देता म्हणता येईल असं. पण कितीही प्रकारे सांगितलं तरी राम वनवासाला जातोच. सल्लागारांचे पर्यायही असेच. वळणं वेगळी, वनवास तोच, आणि तो कुणाच्या वाट्याला येणार हे शेवटच्या पानावर कळतं.

त्या दिवसापासून गावात कायद्याचा क्लास सुरू होतो. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातली कलमं ज्यांनी दिल्लीत लिहिली त्यांनाही इतकी तोंडपाठ नसतील. सकाळी दूध घालायला आलेली माणसं एकमेकांना विचारतात, "तुझं थ्री-ए निघालं का?" "थ्री-ए झालं, थ्री-डीला थांबलंय." "थ्री-जीला आमचा गट नंबरच चुकलाय." शेजारून जाणाऱ्या तिऱ्हाइताला वाटावं, मोबाइलच्या रेंजबद्दल बोलताहेत. थ्री-ए म्हणजे जमीन घेण्याचा इरादा. ते प्रसिद्ध झालं की हरकतीला २१ दिवस. या २१ दिवसांत या भागाला जेवढं अक्षर सुधारतं तेवढं शाळेच्या दहा वर्षांत सुधारत नाही. सगळ्या अर्जांची पहिली ओळ एकच असते : आमचा विकासाला विरोध नाही. दुसऱ्या ओळीत 'परंतु' येतो. आणि सगळ्या परंतूंचा मथितार्थ असा की रस्ता जरूर व्हावा, मोठाच व्हावा, तो फक्त चुलतभावाच्या रानातून जावा. चुलतभावाचाही अर्ज त्याच दिवशी, त्याच झेरॉक्सवाल्याकडं, याच मजकुराचा असतो.

खुणेचे दगड पडेपर्यंत कोरड्या माळावर डाळिंबाची बाग उठते. जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं विहीर, शेड, पाइपलाइन आणि कोंबड्या दिसू लागतात. अर्थात आता आकाशातून ड्रोन फिरतो, आधीचे फोटो असतात, त्यामुळं रातोरात वाढणाऱ्या बागायतीला पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. पण हेही खरं की ज्याची सोन्यासारखी ओलिताची जमीन जाते त्याच्या हरकतीला हसण्याची हिंमत कुणाला होऊ नये. पट्टा रस्त्यात गेला की उरलेल्या रानाचे दोन तुकडे होतात, विहीर एका अंगाला आणि ऊस दुसऱ्या अंगाला. मग तो माणूस उरलेलं आयुष्य कमरेएवढ्या लोखंडी कठड्याच्या अलीकडं उभा राहून स्वतःच्याच उसाकडं बघत काढतो. पाणी द्यायला जायचं तर वळसा मारून.

या वळशावरून मग खरी रणधुमाळी होते. पूल द्या, भुयारी मार्ग द्या, का सोडून द्या? अमेरिकेतला पहिला क्लोव्हरलीफ, म्हणजे चार पाकळ्यांचा चौक, न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला १९२९ साली बांधला गेला. एकाही गाडीनं दुसरीचा रस्ता न कापता कुठूनही कुठंही जावं ही त्याची अक्कल. आपल्याकडं पुण्याचा चांदणी चौक बघा. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला, तरी तो सगळा पडला नाही, उरलेला जेसीबीनं खाली ओढावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ ला नवं जाळं खुलं झालं. तिथून अजूनही एखादा माणूस कोथरूडला म्हणून शिरतो आणि मुळशीच्या वाटेवर विचार करत थांबतो. इतक्या उत्तम चौकात एकदा चुकलं की परत फिरायला तेवढंच उत्तम शहर ओलांडावं लागतं.

आमच्या गावांची मागणी मात्र पाकळ्यांची नसते, ती ऋतुमानाप्रमाणं बदलते. आधी आंदोलन : अपघात होतात, पूल द्या. पूल मंजूर होतो. मग स्टँडवरचे हॉटेलवाले, पंक्चरवाले, पानवाले जागे होतात : पुलावरून गाड्या निघून गेल्या तर आमच्याकडं कोण थांबणार, पूल नको. मग भुयारी मार्ग मंजूर होतो. तो पहिल्या पावसात भरतो. त्यात पोरं पोहतात, बायका 'ट्रॅक्टर जाईल एवढी तरी उंची ठेवायची' म्हणून इंजिनिअरच्या नावानं बोटं मोडतात. बाह्यवळणाचंही असंच. गावातून गाड्या नकोत म्हणून रस्ता गावाबाहेर काढायचा, आणि तो निघाला की दोन वर्षांत गावानं उठून रस्त्याकडेला जाऊन बसायचं. आधी चहाची टपरी, मग वडापाव, मग टायरचं दुकान, मग मंगल कार्यालय, मग देऊळ. देऊळ आलं की समजावं, बाह्यवळणाचं आतवळण झालं. आता त्याला बाह्यवळण मागायला हरकत नाही.

दुभाजकाचंही तेच. नकाशात एकसंध असतो, जागेवर हॉटेलच्या समोर बरोबर फुटलेला असतो. कुणी फोडला हे सगळ्यांना माहीत असतं, पंचनाम्यात 'अज्ञात इसम' असतो. आणि ज्या ठिकाणी फोडलेला नसतो तिथं लोक उलट्या बाजूनं येतात, कारण शेत समोर दिसतंय आणि वळायची जागा पार पुढं आहे. सरकारी व्याख्येत सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत ५ जीवघेणे किंवा गंभीर अपघात किंवा १० मृत्यू झाले की त्या जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. नियोजनात एवढा वळसा वाचवता आला असता तर, असा विचार मग तिथं येतो, पण फार उशिरा. त्या वळशाचं पेट्रोल शेतकऱ्याच्या हिशेबात रोज जमा होतं. नकाशा काढणाऱ्याच्या हिशेबात ते कुठंच नसतं. उलट्या बाजूनं येणारा माणूस मूर्ख असतो हे मान्यच. पण एकाच जागी रोज शंभर माणसं मूर्खपणा करायला लागली तर एकदा जागेकडंही बघावं.

बरं, एवढं करून रस्ता रुंद झाला तर प्रश्न सुटेल का? अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच लिहून ठेवलं की गर्दीच्या वेळी मोठ्या शहरातला रस्ता कितीही रुंद करा, वाहनं येऊन तो भरूनच टाकतात. हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही, नीरा डाव्या कालव्यावर उभं राहिलं तरी पुरे. कालव्याला पाणी जास्त सोडलं की टेलच्या माणसाला मिळेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वरचा माणूस म्हणतो, अरे वा, पाणी वाढलं, आणखी दोन एकर ऊस लावू. बारामतीच्या अंगाला ऊस वाढतो आणि इंदापूरच्या टेलला आवर्तन तेवढंच कोरडं पोचतं. रस्त्याचंही तंतोतंत तसंच. चौपदरी झाला की पुण्याला रोज जाऊन येणारे वाढतात, माळावर प्लॉटिंग होतं, ढाबे होतात, त्यांच्या पार्किंगला जागा लागते, आणि काही वर्षांनी टेलचा माणूस पुन्हा कोंडीत.

आमच्या डोळ्यांदेखत याला आणखी एक जोड मिळालीय, जी डाउन्ससाहेबांच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. जमिनीचा मोबदला! तो खात्यावर पडला की पहिल्या महिन्यात नवी चारचाकी येते. म्हणजे गर्दी कमी करायची म्हणून सरकारनं जमीन घेतली, जमिनीचे पैसे दिले, त्या पैशांची गाडी आली आणि ती त्याच रस्त्यावर उभी राहिली. आधी त्या घरात बैलगाडी होती, म्हणजे तक्त्यानुसार आठ. आता चारचाकी आहे, म्हणजे एक. अहवालात त्या घरानं कोंडी सात युनिटांनी कमी केली.

असा हा सगळा पसारा बघितला की मला पालखी मार्गावर दरवर्षी पार पडणाऱ्या एका नियोजनाचं कौतुक वाटतं. तुकाराम महाराजांची पालखी त्यांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. म्हणजे १९९० च्या तक्त्याच्या ३०५ वर्षं आधी. माणसं लाखोंनी. सिग्नल नाही, लेन नाही, दुभाजक नाही. रथापुढच्या दिंड्या कुठल्या, रथामागच्या कुठल्या, त्यांचे नंबर ठरलेले. कोण कुणाच्या पुढं जाणार यावर तिथं हॉर्न वाजत नाही, कारण ते पणजोबांच्या काळातच ठरून गेलंय. काटेवाडीत रथापुढं धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण घालतात. मेंढीचा पीसीयू किती हे कुठल्याही अभियंत्याला विचारून बघा. बेलवडीला घोडे धावतात. इंदापुरात रिंगण होतं. आणि सराटीला पादुकांना नीरास्नान झाल्यावर हे सगळं शहर पुन्हा उचलून पुढं चालू लागतं. वाटेत कुणी हरवलंच तर कर्ण्यावरून नाव पुकारलं जातं, आणि माउली, तुमची दिंडी अमुक झाडाखाली थांबली आहे, एवढ्या पत्त्यावर माणूस बरोबर पोचतो. झाड असेल तर.

झाडाचं हे उगीच आलं नाही. रुंदीकरणात जुनी झाडं गेली. वारकऱ्याला वाटेवर मुळात तीन गोष्टी लागतात : सावली, पाणी आणि बायाबापड्यांना आडोसा. चौथी म्हणजे ट्रकपासून लांब चालायला जागा. नव्या आराखड्यात चौथी मिळाली, तिचं मनापासून स्वागत. वारी नसते तेव्हा त्या पायवाटेवर मका वाळतो, मिरच्या वाळतात, दुचाक्या उलट्या दिशेनं जातात आणि संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात. म्हणजे ती बांधली एका कामासाठी आणि गावानं लावली दहा कामांना. पहिल्या तीन गोष्टी मात्र नव्यानं रुजायला वेळ लागेल.

पालखीचं वेळापत्रक कधी हातात घेऊन बघा. त्यात अंतरं नसतात असं नाही, पण त्याचा कणा वेगळाच आहे. सकाळचा विसावा कुठं, दुपारचा नैवेद्य कुठं, मुक्काम कुठं. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. पानंच्या पानं नुसती थांबण्याची ठिकाणं. मधलं चालणं त्यातून आपोआप उमगतं. आणि आमच्या महामार्गाचा आराखडा उघडा : त्यात सगळं चालणं आहे, वेग आहे, वळणाची त्रिज्या आहे. थांबणं हा त्यात अडथळा आहे. भिगवणला मासे खायला थांबणारा, एसटीला हात करायला उभा राहिलेला, टेम्पोतून उतरून चुलत्याला रामराम घालणारा, वाळत घातलेल्या मिरच्या राखणारी आजी, ही सगळी माणसं रस्ता वापरतात. पण ती कुठं चालली नसल्यामुळं त्यांना मोजायचं कसं हेच कुणाला कळत नाही. या दोन तालुक्यांत रस्त्यावरनं जाणारा एक असेल तर रस्त्यावर असणारे चार. आणि सगळे आराखडे त्या एकासाठी आहेत.

अशाच एका आराखड्याच्या बैठकीत पडद्यावर रंगीत चित्र लावलं होतं. सहा लेन, चकचकीत डांबर, दुभाजकात फुलं, कडेला गोरीगोरी माणसं बाबागाडी ढकलत फिरायला निघालेली, आणि गाड्या चित्र काढणाऱ्याच्या देशाप्रमाणं उजव्या बाजूनं चाललेल्या. सादरीकरण झालं, टाळ्या झाल्या, चहा-बिस्किटं फिरली. काही शंका असतील तर विचारा म्हणाल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले.

"साहेब, साही लेनी बघितल्या. झ्याक हायती. ह्यातली थांबायची कंची?"

साहेब नम्रपणे म्हणाले, "बाबा, ट्रकसाठी ठरावीक अंतरावर थांबे दिलेत."

"ट्रकाचं झालं. मानसाचं?"

सभागृहात हशा पिकला. साहेब हसले, शेजारचे अधिकारी हसले, आजोबा मात्र उभेच. उत्तर आल्याशिवाय बसायचं नाही ही त्यांची पिढी. शेवटी टेबलाशी बसलेल्या एका तरुण अभियंत्यानं वही पुढं ओढली, त्यांना हातानं बसायची खूण केली आणि त्यांचा प्रश्न शब्दशः उतरवून घेतला. मी वाकून बघितलं. रकान्याचं नाव होतं 'इतर'.